गहाळ नव्हे, चोरी!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. जालन्यात रस्त्याकडेला मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एका आपांचा मोबाईल भर बाजारात गेला. कमरेची पिशवी ब्लेडने कापलेली होती. मोबाईल अकरा हजारांचा, मुलाने हप्त्यावर घेऊन दिलेला, आणि पाच हप्ते अजून बाकी. त्याच नंबरवर बँकेचे खाते, गॅसचे बुकिंग, गिऱ्हाइकांचे पैसे. मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो.

ठाणे अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याने आपांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आपा, चोरी लिहिली की एफआयआर, पंचनामा, पुढे कोर्टाच्या तारखा. धंदा सोडून किती वेळा येणार? गहाळ लिहा, मोबाईल लगेच ब्लॉक करून टाकू."

आपा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाई, गिरा नहीं ना, काट के लिया."

तरीही अर्जावर लिहिले गेले, 'बाजारात खरेदी करीत असताना मोबाईल कुठेतरी पडून गहाळ झाला.' आपांनी सही केली. मीही गप्प बसलो. त्या दिवशी माझ्या शहरातली एक चोरी माझ्या डोळ्यांसमोर पुसली गेली, आणि पुसणाऱ्यांत मीही होतो. हा लेख त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजा.

वाढत्या शहराची बदललेली चोरी

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९८१ मध्ये जिल्हा झाला, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढे गेली आणि २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी, मोंढा हे होतेच. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. २०२३ च्या अखेरीस मुंबईची वंदे भारत आली. कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातले मजूर आहेत, तर शहराच्या कडेला शेते मोडून प्लॉट पडत आहेत. शहर वाढते आहे, आणि वाढणाऱ्या शहराबरोबर चोरीचीही जात बदलते.

पूर्वीच्या मोहल्ल्यात अनोळखी माणूस शिरला की तीन ओट्यांवरून विचारणा व्हायची, "किसके घर जाना है?" आज नव्या वसाहतीत दोन घरांमध्ये चार रिकामे प्लॉट असतात. खांब असतो, दिवा नसतो. नवरा-बायको दोघेही कामाला जातात. दिवाळीत, उन्हाळ्यात, लग्नसराईत घराला कुलूप लागते. उमराहला निघालेले कुटुंब विमानतळावरूनच व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवते. दुआसाठी ठेवलेले ते स्टेटस घर रिकामे असल्याची जाहिरातही असते, हे आपल्या लक्षात येत नाही.

दुसरा बदल मालाचा. पूर्वी चोराला भांडी, धान्य, साड्या असे ओझे उचलावे लागे. आता माणसाची संपत्ती खिशात, गळ्यात आणि दारातल्या मोटारसायकलवर आली आहे. २०२५ मध्ये सोने तोळ्याला लाखाच्या वर गेले. म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातून एका झटक्यात जाणारा ऐवज मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा झाला. शहराबाहेर शेतकऱ्याच्या विहिरीवरचा मोटारपंप, केबलमधले तांबे, ठिबकच्या नळ्या जातात. त्याची बातमी चार ओळींची येते, पण ऐन मोसंबीला पाणी देण्याच्या दिवसांत मोटार गेली की त्या शेतकऱ्याचे वर्ष जाते.

तिसरा बदल वाटेचा. चांगला रस्ता माल आणतो तसा मालाला बाहेरही नेतो. रात्री उचललेली गाडी उजाडायच्या आत तीन जिल्हे ओलांडू शकते. आणि जे शहर भंगार वितळवून सळई बनवते, तिथे लोखंडाला भट्टीत गेल्यावर ना मालकाचे नाव राहते ना गावाचे. गटाराचे झाकण असो की पुलाचा कठडा, वितळल्यावर सगळे सारखेच. भंगाराचा धंदा प्रामाणिक आहे, हजारो घरे त्यावर चालतात, आपल्या समाजातली तर कितीतरी. म्हणूनच वजनकाट्यावर काय येते हे बघण्याची जबाबदारी या शहरात इतरांपेक्षा जास्त आहे.

आकडा वाढला की चोरी वाढली?

दर वर्षी बातमी येते, 'चोऱ्या वाढल्या' किंवा 'गुन्हेगारी घटली'. आपण ती वाचतो आणि मत बनवतो. पण जो आकडा छापून येतो तो चोरीचा नसतो, नोंदीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच्या अहवालात सांगतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची फिर्याद ऑनलाइन घ्यायला सुरुवात झाली, पुढे इतर चोऱ्यांचीही. नोंदी वाढल्या आणि दिल्ली चोरांची राजधानी दिसू लागली. तिथले चोर वाढले असतील-नसतील, दार उघडे झाल्यावर लोक आत आले एवढे नक्की.

जालन्यासारख्या शहराची अडचण आणखी वेगळी आहे. इथे पोलीस आयुक्तालय नाही, शहर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. देशाच्या अहवालात वीस लाखांवरच्या महानगरांचे स्वतंत्र प्रकरण असते. आपल्या शहराची चोरी जिल्ह्याच्या आकड्यात, शेतातल्या पंपाच्या चोरीबरोबर मिसळून जाते. जनगणना २०११ नंतर झालेली नाही, त्यामुळे लाखामागे किती गुन्हे हे काढताना भागायची लोकसंख्याही अंदाजाची. सोन्याचा भाव दुप्पट झाला की तेवढ्याच चोऱ्यांतले नुकसान दुप्पट दिसते. आणि आपांच्या मोबाईलसारख्या चोऱ्या तर यादीतच नाहीत, कारण त्या 'गहाळ' आहेत.

अधूनमधून वर्तमानपत्रात फोटो येतो. टेबलावर मोबाईल मांडलेले, मागे अधिकारी, पुढे हसरे मालक. केंद्र सरकारच्या सीईआयआर या यंत्रणेमुळे हे शक्य झाले. मे २०२३ पासून ती देशभर सुरू आहे. मोबाईलच्या आयएमईआय क्रमांकावरून फोन बंद करता येतो आणि त्यात कुणी नवे सिम टाकले की माग लागतो. हे काम खरोखर कौतुकाचे आहे. पण फोटो बघताना मनात प्रश्न येतो. इतक्या लोकांच्या खिशातून मोबाईल पडलेच होते का? आणि पडले नसतील तर ते कापणारा, विकणारा, विकत घेणारा कुठे आहे? वस्तू मिळाली, गुन्हा मात्र कागदावर घडलाच नाही.

यात सगळा दोष पोलिसांच्या माथी मारणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. मनुष्यबळ अपुरे, त्यावर बंदोबस्त, मोर्चे, मिरवणुका, निवडणुका. वर 'दाखल किती आणि उघड किती' या टक्क्यावर ठाण्याचे मूल्यमापन. जो गुन्हा उघड होण्याची शक्यता कमी, तो दाखल न करणे हाच मग शहाणपणा ठरतो. जो अधिकारी सगळ्या चोऱ्या लिहून घेईल त्याचे ठाणे कागदावर सर्वांत वाईट दिसेल. ही मोजपट्टी बदलली पाहिजे. नोंदी वाढल्या म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारण्याआधी लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनी हे समजून घ्यावे.

नोंद रिकामी राहिली की संशय भरतो

कुणी विचारेल, एका मोबाईलच्या नोंदीने काय होणार? होते असे की चोरी लिहिली जात नाही, पण विसरलीही जात नाही. ज्याची वस्तू गेली तो गल्लीत सांगतो, गल्ली बाजारात सांगते. कधी, कुठे, कोणत्या पद्धतीने चोरी झाली याची नोंद नसली की ती जागा संशय घेतो. संशयाला पत्ता तयारच असतो. अमुक वस्ती, तमुक जमात, 'ते बाहेरून आलेले'.

याची किंमत काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. जून २०१९ मध्ये झारखंडात चोवीस वर्षांच्या एका मुस्लिम तरुणाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून खांबाला बांधून रात्रभर मारले गेले. काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. पण ही आग फक्त आपल्याच घरात शिरते असे समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अफवेला धर्म नसतो, तिला फक्त अनोळखी माणूस लागतो.

जमाव नसला तरी संशय काम करतोच. चोरी झाली की ठरावीक वस्तीतली ठरावीक पोरे उचलली जातात. देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन जणांचा खटला अजून पूर्ण झालेला नाही, आणि अशा कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या १४ टक्के वाट्यापेक्षा वर्षानुवर्षे जास्त राहिले आहे. तीच गोष्ट दलित आणि आदिवासींची. ज्याच्याकडे जामीनदार नाही तो आत राहतो, मग चोरी हजाराची असो की नसो.

आता आरसा आपल्याकडे

इथपर्यंत वाचून मान डोलावणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना एक प्रश्न. आपल्या मोहल्ल्यात चोरी झाली की आपण पहिले नाव कुणाचे घेतो? खरे सांगायचे तर पारध्यांचे. नाहीतर कारखान्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बिहारी पोरांचे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला, पण आपल्या जिभेवरून तो अजून गेलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात विमुक्त जमातींवरच्या याच शिक्क्याबद्दल बोलावे लागले. ज्या अन्यायाची आपण तक्रार करतो तोच आपण दुसऱ्यावर करत असू, तर आपली तक्रार ऐकण्याच्या लायकीची राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. चोर आपल्यातही आहेत. बटन, कुत्ता गोळी, खोकल्याचे सिरप यांच्या नादी लागलेला पोरगा पहिली चोरी बाजारात करत नाही. तो आईच्या डब्यातून करतो. मग बहिणीचे पैंजण, मग शेजाऱ्याचा मोबाईल. आई तोंड दाबून रडते, बाप 'इज्जत का सवाल' म्हणून झाकतो, मोहल्ला 'अपना बच्चा है' म्हणून सोडतो. पोलिसांपर्यंत गोष्ट पोहोचते तेव्हा तो पोरगा टोळीचा झालेला असतो. झाकणे म्हणजे दया नव्हे. वेळेवर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे नेणे ही दया आहे.

तिसरी गोष्ट खरेदीची. पंधरा हजारांचा मोबाईल चार हजारांत, बिल नाही, डबा नाही, चार्जर नाही, आणि घेणारा म्हणतो, 'मला काय माहीत कुठून आला!' त्याला माहीत असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायद्याआधी ईमानाचा प्रश्न आहे. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक नसते तर आपांची पिशवी कुणी कापली असती? हराम माल स्वस्तात मिळाला म्हणून हलाल होत नाही.

दोन प्रसंग, एक धडा

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका प्रतिष्ठित घराण्यातल्या स्त्रीने चोरी केली. घराण्याची अब्रू वाचावी म्हणून लोकांनी शिफारस केली. प्रेषितांना (स.) ते अजिबात आवडले नाही. आधीच्या लोकांचा नाश याच कारणाने झाला, असे त्यांनी बजावले; प्रतिष्ठिताने चोरी केली तर ते सोडून देत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा देत. स्वतःच्या मुलीलाही वेगळा न्याय लावणार नाही, हे त्यांनी तिचे नाव घेऊन सांगितले.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा. एका श्रीमंत माणसाच्या गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली. चौकशीत कळले की मालक त्यांना उपाशी ठेवत होता. हजरत उमर (रजि.) यांनी गुलामांना सोडले आणि उंटिणीच्या किमतीच्या दुप्पट रक्कम मालकाकडून वसूल करून दिली. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळाली, आणि भूक निर्माण करणाऱ्याला जाब द्यावा लागला.

या दोन प्रसंगांवर आजचे मराठवाड्याचे चित्र ठेवून पाहा. २०२३ पासून इथे पतसंस्था, मल्टीस्टेट एकामागून एक बुडाल्या. निवृत्त शिक्षकांची ग्रॅच्युइटी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, ऊस आणि कापसाचे पैसे गेले. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ पासून आहे, तरी ठेवीदार आजही उंबरे झिजवताहेत. मोबाईल चोरणाऱ्या पोराला चौकात चोप मिळतो. बचत गिळणाऱ्याला सत्कारात खुर्ची मिळत होती, तीही आपणच दिलेली. मालमत्तेच्या गुन्ह्यांची चर्चा करताना शहराने हाही हिशेब करावा.

मग करायचे काय?

पहिले, 'गहाळ' लिहायचे नाही. वस्तू खरोखर पडली असेल तर गहाळ, कुणी घेतली असेल तर चोरी. चोरी हा सहसा दखलपात्र गुन्हा आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, ऑनलाइनही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

दुसरे, प्रत्येक मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर एक तास मदतीचे टेबल असावे. अर्ज लिहिता येणारे दोन तरुण आणि एखादा वकील पुरेसा. मुसलमान असो की नसो, ज्याची वस्तू गेली त्याच्यासोबत ठाण्यात जाणारा एक माणूस मिळाला पाहिजे. मोबाईलवर *#०६# दाबले की आयएमईआय दिसतो. तो आणि गाडीचा इंजिन व चेसिस क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवायला याच टेबलावर सांगता येईल. आणि तिथेच एक वही असावी. त्यात तारीख, वेळ, जागा, वस्तू, पद्धत एवढेच लिहायचे. संशयिताचे नाव लिहायला त्या वहीत रकानाच ठेवू नये. वर्षभरात ती वही सांगेल की कोणत्या वळणावर दिवा लावायला हवा आणि बाजारात कोणत्या वेळी गस्त हवी. मग महापालिकेकडे आणि पोलिसांकडे जाताना आपल्या हातात गाऱ्हाणे नसेल, पुरावा असेल.

तिसरे, आपल्या भंगारवाल्यांनी, मोबाईल दुरुस्तीवाल्यांनी आणि सराफांनी एकत्र बसून ठरवावे की ओळखपत्राची नोंद आणि बिल याशिवाय खरेदी नाही. एकट्याने ठरवले तर त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाते, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवणे गरजेचे.

चौथे, पकडलेल्या पोराला हात लावायचा नाही. तो खरोखर चोर असला तरी नाही. ११२ वर फोन करायचा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याभोवती उभे राहून त्याला जमावापासून वाचवायचे. तो अठराच्या आतला असेल तर त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्यावे. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे आणि घरच्यांना कळवणे बंधनकारक आहे. गरिबाला वकील मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली असेल तर नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. अशा मुलांना कामावर लावण्याची तयारी आपल्या संस्थांनी दाखवावी. तुरुंगातून परतलेला मुलगा आणि दवाखान्यात झाडू मारून परतलेला मुलगा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

त्या आपांचा मोबाईल अजून मिळालेला नाही. त्या तिथेच बसतात, आता मोबाईल ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवतात. मागच्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या फळवाल्या काकांची गल्ल्याची पेटी गेली. आपांनी मला फोन केला, "भाई, इस बार गहाळ मत लिखना."

आम्ही दोघे काकांसोबत गेलो. दोन तास बसावे लागले. अंमलदाराने एकदा 'गहाळ' म्हटले, काकांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. अखेर एफआयआर झाली. पेटीत दोन हजार तीनशे रुपये होते, ते मिळतील की नाही सांगता येत नाही. पण ती चोरी आता शहराच्या हिशेबात आहे, आणि काका पारध्यांच्या पालाकडे बोट दाखवत फिरत नाहीत.

खरे लिहिण्याची हिंमत आणि खोट्या संशयापासून दूर राहण्याची सद्बुद्धी अल्लाह आपल्या सगळ्यांना देवो. आमीन.